पालकाची सही

तुम्ही हसाल, पण बावन्नाव्या वर्षी मी कुवेंपुनगरात जिम्नॅस्टिक्सला नाव घातलं, तर फॉर्मवर पालकाची सही हवी!

“सर, मला सून आलीये.”

“रूल्स, मॅडम. सगळ्यांना एकच.”

मग अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला ऑटोत घालून नेलं. ‘इजा झाल्यास जबाबदारी पालकांची’ हे वाचून ती म्हणाली, “आधी करून दाखव.”

मी कोलांटी मारली. निघाले सरळ, गेले आडवी, थेट भिंतीवर. वर्गातली सहा-सात वर्षांची पोरं खिदळली. सर कसंनुसं हसत म्हणाले, “मॅडम, या वयात...”

“वयाचं काय काढता?” आईनं मोडक्या कन्नडात त्यांना सुनावलं आणि सही ठोकली. “सातव्या वर्षीही ही अशीच आडवी जायची!”