भर उन्हातली थंडी

मंडळी, एक सांगा — दुखायचं थांबलं, म्हणजे माणूस बरा झाला का? हो? माना डोलावू नका इतक्यात! आधी ऐका.

खाडीकाठचं एक गाव. तिथं मिठागरावर राबणारा हिराजी घरत. अंगानं हा असा दांडगा! दिवसभर उन्हात मीठ ओढायचं, पाणी मात्र घोटभर. का? तर म्हणे, "काम टाकून सारखं आडोशाला कोण जाईल!" हसताय? तुमच्यातले असे किती, ते विचारत नाही — कीर्तन आहे हे, कोर्ट नाही!

एके सकाळी कमरेतून कळ उठली. एवढा गडी, पण गुरासारखा ओरडला! बायको नामी त्याला तालुक्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मुतखडा! बारीक, पण मूत्रनळीत अडकलेला.

बाई म्हणाल्या, "ही गोळी रोज एकच. खडा विरघळत नाही हिनं, त्याची वाट सैल होते. रक्तदाब उतरतो, तेव्हा सावकाश उठायचं. दुखणं थांबलं तरी पुन्हा सोनोग्राफीला यायचं. आणि थंडी-ताप आला, लघवी अडली, तर गोळीच्या भरवशावर बसायचं नाही — तडक इकडे!"

हिराजीनं मान हलवली. आपण हलवतो तशीच!

काही दिवसांत कळ थांबली. "पडला खडा!" — कुणी पाहिला? कुणीच नाही! सोनोग्राफी राहिली, गडी मिठागरावर हजर.

आणि मग ती दुपार! मिठावर ऊन असं, की डोळे उघडवेनात. नामी भाकरी घेऊन आली. बघते तर काय — हिराजी बांधावर कुडकुडतोय! दात वाजतायत! तिनं कपाळाला हात लावला — तापलेला तवा!

"लघवी झाली का हो?"

"सकाळपासून थेंब नाय. पण दुखत नाय गो! थांब, गोळ्या हायत खिशात."

ती नको नको म्हणते तोवर दोन गोळ्या एकदम गिळल्या! थोड्या वेळानं ताडकन उठायला गेला — आणि आडवा!

"नामे, मना काय दिसत नाय गो..."

नामीनं हंबरडा फोडला. माणसं धावली, मिठाच्या टेम्पोत त्याला निजवलं. ती त्याचा हात चोळतेय, हाका मारतेय. हिराजीनं डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं. आणि विचारलं —

"तू कोण?"

मंडळी! जिच्याशी संसार केला, तिला — तू कोण!

दवाखान्यात बाईंचा चेहरा उतरला. "खडा गेलाच नाही. अडलेल्या लघवीत पू झालाय, विष रक्तात चढलंय." त्याला आत नेलं, नळी घालून तुंबलेलं काढलं, सलाईनमधून औषधं सुरू केली. नामी बाहेर बाकावर. देवाचं नाव घ्यावं म्हणते — आठवेना! असं असतं भय. ओठ हलतात, नाव येत नाही.

दुसऱ्या दिवशी आतून क्षीण हाक आली — "नामे..."

ती उभ्या उभ्या रडली. जीव वाचला. पुढं खडाही काढला. पण खड्याच्या बाजूचं मूत्रपिंड पहिल्यासारखं झालं नाही, ते नाहीच!

आता गोळीला दोष देऊ नका. गोळी खरी होती, बाईंचा शब्दही खरा. यानं सोयीचं तेवढं ऐकलं! आणि आपण? शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याची गोळी घेतो. एकीनं भागलं नाही की दोन. तपासणी पुढच्या महिन्यावर! तेव्हा घरी कुणाला खड्याचा त्रास असेल, अंगात ताप असेल, लघवी अडली असेल — तर माझं कीर्तन संपून आरती व्हायची वाट बघू नका.

बघताय काय? उठा — आत्ता!