छापलंय कुठे?

...आणि वर मलाच विचारतात, औलिस, तू नक्की कोणाच्या बाजूचा? अहो, सगळी नोकरी नगरपालिकेत कारकुनी करण्यात गेली, तीन पक्षांच्या सत्ता आल्या नि गेल्या, सगळ्यांची इतिवृत्तं मी लिहिली, पण मी मत कोणाला देतो हे कोणाला कळलं नाही; बायकोलाही नाही, तिने कधी विचारलंही नाही, म्हणून तर संसार झाला. आयुष्याची कमाई म्हणाल तर एवढीच, की औलिस हुर्मे कोणाच्या बाजूचा नाही. आणि ती घालवली कशात, तर एका चरित्रात!

तुम्हाला सांगतो, निवृत्त झाल्यावर लोक मासे पकडतात, मी ज्ञानकोशात लिहायला लागलो. तो इंटरनेटवरचा हो, फुकटचा, ज्यात कोणीही लिहितं आणि कोणीही खोडतं. आता आमच्या गावातून जगाला सांगावा असा माणूस एकच, आमचे माजी नगरव्यवस्थापक आर्मास केट्टुला. यांनी केलं काय, तर नगरपालिकेचं जंगल विकून दलदलीवर तरणतलाव बांधला. वर छप्पर, खाली निळी फरशी, उद्घाटनाला बँड... आणि मग तो एका बाजूने खाली जायला लागला. सावकाश, आमच्याकडे सगळं होतं तसं. उथळ बाजू खोल झाली, खोल बाजू उथळ झाली, पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी राजीनामा दिला. तेव्हापासून अर्धं गाव त्यांना देवमाणूस म्हणतं, अर्धं चोर म्हणतं, आणि मी लिहायला बसलो त्यांचं चरित्र. तटस्थपणे!

माझा नियम साधा. मला काय माहीत आहे ते नको, तुम्हाला काय वाटतं ते नको. छापलंय कुठे?

आर्मासची बहीण सिल्वी वेलदोड्याचा गोड पाव घेऊन घरी आली. म्हणे, “अरे औलिस, ‘दूरदर्शी’ एवढा एक शब्द घाल.” मी म्हटलं, छापलंय कुठे? तर म्हणे, आई जाईपर्यंत म्हणत होती. आता आई कुठल्या पानावर दाखवू? तो शब्द बाहेरच राहिला. पाव मात्र मी खाल्ला. पाव तटस्थ असतो.

मग विल्हो. गुरुवारी संध्याकाळी आमच्या इमारतीच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, पुरुषांची पाळी असते, तिथे वरच्या बाकावर हा कायम माझ्या शेजारी. उघड्या अंगाने शेजारी बसलेली माणसं खोटं बोलत नाहीत म्हणतात. खरं म्हणजे ती बोलतच नाहीत. पण विल्हो बोलला.

“चोर लिही.”

छापलंय कुठे?

“सगळ्या गावाला माहीत आहे की.”

म्हटलं, बाबा रे, गाव हा संदर्भ नाही. तर म्हणे, बरं, मग तलाव ‘खचला’ तरी लिही. तिकडे सिल्वीला हवं ‘किंचित कलला’. नगरपालिकेच्या अहवालात होतं ‘अपेक्षित हालचाल’. मी तिन्ही लिहिलं, कोण काय म्हणालं ते नावासकट, खाली एकेकाचा संदर्भ. तुम्हाला सांगतो, लेख इतका सपाट झाला होता, की वर पाणी ओतलं असतं तर कुठल्याच बाजूला वाहिलं नसतं. तलावाला जमलं नाही ते लेखाला जमलं होतं!

आणि मग आर्मासची पंचाहत्तरी आली. आमच्याकडे अशी वर्षं भरली की गावचं वर्तमानपत्र तुमच्यावर रकाना छापतं, फोटोसकट, आणि त्याखाली माणूस ‘त्या दिवशी प्रवासात आहे’ असं छापून घेऊन पडदे ओढून घरात बसतो, म्हणजे कोणाला कॉफी पाजावी लागत नाही. तर त्याच आठवड्यात कोणीतरी, वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरून, लेखात एक वाक्य घुसवलं: ‘तरणतलावाची मूळ कल्पना नगरपालिकेचे कारकून औलिस हुर्मे यांची होती.’

माझी? तलाव ठरला त्या बैठकीत मी इतिवृत्त लिहीत होतो आणि कॉफी ओतत होतो. तोंडातून शब्द गेला असेल तर ‘दूध?’ एवढाच. संध्याकाळी वाक्य दिसलं, लगेच खोडलं. कारण लिहिलं, संदर्भ नाही. पण वर्तमानपत्राच्या बातमीदार बाईंनी दुपारीच सगळा लेख उतरवून घेतला होता... गुरुवारी सकाळी रकाना आला, त्यात आर्मासचा फोटो आणि माझं नाव.

दुपारपर्यंत टांपेरे शहरातल्या एका बाईंनी वाक्य परत बसवलं. त्याही ज्ञानकोशात लिहिणाऱ्या, मीच शिकवून तयार केलेल्या. फार अदबीने लिहिलं, “औलिस, आता छापलंय. आणि स्वतःबद्दलचा मजकूर स्वतः खोडायचा नसतो, हे तुम्हीच मला शिकवलंत.” मी बैठकीचं इतिवृत्त पुढे केलं. तर म्हणे, ते लिहिलंय कोणी? मीच! वर्तमानपत्राला फोन केला. बातमीदार बाई त्याहून गोड. “चूक लगेच दुरुस्त करू हं. तुम्ही तसं म्हणाला नव्हतात, हे कुठे छापलंय का?”

त्या संध्याकाळी सॉनात गेलो. जिन्यात सिल्वी भेटली, तिने तोंड फिरवलं, कारण मी तिच्या भावाचं श्रेय लाटलं. आत विल्होने माझ्याकडे बघितलं, “तू?” एवढंच म्हणाला आणि खालच्या बाकावर जाऊन पाठ करून बसला, कारण मी त्याचं गाव बुडवलं. वरच्या बाकावर राहिलो मी आणि आर्मास, तोही आमच्याच इमारतीतला. त्याने पळीभर पाणी तापल्या दगडांवर ओतलं, आणि वाफेतून आवाज आला, “वीस वर्षं तो तलाव एकट्याने अंगावर घेतला, औलिस. आता दोघं आहोत. बरं वाटतंय.”

वाक्य कोणी घातलं ते मी विचारलं नाही. मला माहीत आहे. पण मला माहीत असून काय उपयोग?

घरी येऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. तुम्हाला सांगतो, वाक्य निर्दोष आहे. विशेषण एकही नाही, कोणाची बाजू नाही, खाली संदर्भ, तारीख, पान क्रमांक. मी लिहिलं असतं तरी याहून तटस्थ जमलं नसतं. फक्त खोटं आहे... पण तसं छापलंय कुठे?