बाबांच्या ट्रकचा ब्रेक

हॅलो?… हो ताई, बोल… कामात कसली, नुसती बसलेय. गाडीत. गॅरेजमध्ये सीटवर बसून ब्रेकचं पेडल दाबतेय… हो, सकाळपासून. तुझे भावोजी मागच्या चाकाशी आडवे पडलेत. ते म्हणाले दाब की दाबायचं, म्हणाले सोड की सोडायचं. लग्नानंतर त्यांचं एवढं निमूट मी कधी ऐकलं नव्हतं… हस, हस.

थांब हं… अहो, दाबला… धरलाय… धरलाय हो, अजून किती दाबू? पाय पत्र्यातून खाली जाईल… सोडला.

हं, बोल… कोण, बाबा विचारतायत? ब्रेक लागला का म्हणून?… नाही गं. अगं, पाइपात हवा असते ना, ती काढावी लागते. पेडल दाबलं की चाकापाशी आधी हवा फसफसते, मग तेल येतं, की समजायचं झालं. इथं हवा नाही नि तेल नाही. सगळा ठणठणाट.

काय म्हणाले?… परत सांग… ‘म्हातारं सामान आहे, भंगारात टाका’? असं म्हणाले? अगं, त्यांनीच तर ट्रक विकताना ब्रेकचा तेवढा एक पार्ट स्वतःच्या हातानं सोडवून ठेवला होता… बूट घालून बसलेत? कधीपासून?… आणि आता काढतायत? ताई, काढू देऊ नकोस. काहीही कर. ट्रक गेल्यापासून माणूस उंबऱ्याबाहेर पडला नाही, आज या गाडीतून चक्कर मारायला आपण होऊन बूट घातलेत…

हो, माहितीये, नवीन मिळतो. बाजारात ढिगानं पडलेत. यांचंही तेच चाललंय, जेवणापर्यंत नाही जमलं तर नवीनच बसवू म्हणून. त्यांचंही बरोबर आहे गं. हॉट रॉड आहे ती, जुनी मोटार सोलून तिच्यात दांडगं इंजिन घातलंय, बॉनेटसुद्धा ठेवलं नाही. सुटली की सुटलीच. ती थांबायला नको?… पण बाबांच्या ट्रकचा मास्टर सिलिंडर म्हणजे… अगं तोच, पेडलं ज्याला ढकलतात तो लोखंडी डबा. एकाच डब्यात क्लच नि ब्रेक शेजारी शेजारी, आपण दोघी एका खाटेवर झोपायचो तसे… हो का? लाथा तूच मारायचीस.

त्याच्यासाठी पट्टी मी कापली, ताई, भोकं मी पाडली. ट्रकचा डबा या एवढ्याशा गाडीत बसवायचा म्हणजे हत्तीला झबलं घालायचं काम. तरी बसवला. आणि आता तो काढायचा? जिवावर येतं गं. तो भंगारात गेला ना, तर बाबा स्वतःलाही भंगारातच धरतील. मग कुठले बूट नि कुठलं काय.

अहो, हो, ऐकतेय… ताईचा फोन आहे… बोलणं नि दाबणं, दोन्ही जमतं मला… ताई, एक मिनिट, उजवा पाय पार अवघडलाय, मांडीखाली घेते. डाव्यानं दाबते आता… हं, मग तू काय केलंस?… बुटांवर जाऊन बसलीस? अगं, म्हणजे त्यांच्या पायांवर?… काय बाई आहेस…

अगं बाई. काय झालं हो?… ओरडताय कशाला?… तेल? कुठून?… ताई, चाकातून चिळकांडी उडाली म्हणतायत, पार मिशीवर… पण मी तर… थांबा. मी आत्ता काय दाबलं? … ताई, मी क्लच दाबला. डावा पाय ना, सवयीनं क्लचवर गेला. क्लच दाबला आणि ब्रेकचं तेल आलं… अहो, परत बघा. ब्रेक दाबते… काही नाही? आता क्लच… आलं? … आलं गं ताई. आलं.

नाही, नाही, डब्याला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे. पाइप उलटे लागलेत… कसे म्हणजे? थांब, विचारते… अहो, बाबांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?… डावीकडचा क्लचचा. बरोबर सांगितलं. आणि तुम्ही कुठून बघितलंत?… समोरून. वा. अहो, बाबा ड्रायव्हर, जन्म सीटवर गेला. त्यांची डावी सीटवरून. तुम्ही मिस्त्री, जन्मभर गाडीसमोर उभे राहून इंजिनात डोकं घातलंत. तुमची डावी म्हणजे त्यांची उजवी… ताई, बघ ना, मिशीतून तेल गळतंय नि हसतायत.

बाबांना दे फोन. दे लवकर… बाबा, ऐका. तुमचा डबा चांगलाय… समजूत नाही काढत, शप्पथ. तुमच्या जावयानं पाइप उलटे लावले… हो… हो ना, समोरून बघून… बाबा? … हसताय का?… हसा, हसा. किती दिवसांनी ऐकतेय. मलाच रडू यायला लागलंय, आनंदानं.

आता पाइपांची अदलाबदल करतील, मग परत हवा काढायची, की आम्ही तुम्हाला न्यायला येतो… म्हणजे? मी नको? माझ्या पायाला काय झालंय?… बरं… बरं बाबा, तुमच्या पायाला जास्त कळतं, कबूल. पण सारखं दाबायचं, सोडायचं, गुडघा धरेल तुमचा… ठीक आहे. तुम्ही येईपर्यंत पेडलला पाय लावत नाही.

बाबा? … हॅलो?

ताई? कुठं गेले?… जिन्यात? एकटे?… अगं, मग काठी… ती पण घरातच टाकून? जा तू, धाव. स्कूटरची किल्ली घे. आणि सावकाश उतरा म्हणावं… नको, काही म्हणू नकोस. येऊ दे घाईनं.

ठेव आता. मला ही सीट मागं सरकवायचीय, त्यांचे पाय लांब आहेत.