देवीचा पहिला नंबर

अगं सुनंदा, हे मोठ्या तापातून उठले तेव्हा मी नवस बोलले होते, घरात काहीही आलं तरी पहिलं देवीचं. म्हणून सूनबाईने घरातल्या इंटरनेटच्या फोनला एक बटण दाबलं की लागणारे नंबर लावून दिले, तेव्हा एकवर मी धरणगावच्या देवळातले पुजारीनाना ठेवले आणि दोनवर डॉक्टर. परवा यांना अचानक दम लागला, ओठ निळे पडले. घाईत सवयीने एकच दाबला गेला.

"नाना, यांना श्वास घेता येत नाही हो!"

"अक्का, पहिले डॉक्टरले लावा! देवीले मी सांगस!"

लगेच दोन दाबला, डॉक्टर धावत आले, म्हणून हे वाचले. आता एकवर डॉक्टर आहेत. देवी रागावत नाही गं. तूही आजच तसं करून ठेव.