पंचेचाळीस मेळांची रामकथा

कोदंडरामन : ...तो तंबोरा राहू दे जरा, अभिरामी. अशी जवळ सरक. मी मृदंगाच्या डाव्या तोंडाला रव्याची कणीक लावतो, तू ऐक. तुझ्या गुरूंची गोष्ट सांगतो. त्यांच्या तोंडून ती कधी निघायची नाही.

अभिरामी : मी एवढंच विचारलं, मामा, की आज मोठ्या भागवतरांची पुण्यतिथी, त्यांची पदं बहात्तर, आणि मला शिकवली पंचेचाळीसच. पुढची गुरूंनी का अडवून ठेवलीत?

कोदंडरामन : अडवली नाहीत, पोरी. त्यांच्याकडे ती नाहीतच.

अभिरामी : बहात्तर मेळ, रागांचे मूळ साचे, ते तर मलाही येतात. पहिले छत्तीस साध्या मध्यमाचे, पुढचे छत्तीस चढ्या मध्यमाचे. बाकी सूर तेच, क्रमही तोच.

कोदंडरामन : मेळ येतील, पद कुठून आणशील? मोठ्या भागवतरांनी एकेका मेळात एकेक पद बांधून सबंध रामकथा रचली, आणि कागदावर ओळ उतरवली नाही. थोरल्या मुलाला, म्हणजे तुझ्या पंचनदम अण्णांना, पहिली छत्तीस दिली. धाकट्या महालिंगमला पुढची. रामराया गंगेपार होईतो अण्णांनी गायचं, भरत शोधायला निघाला की महालिंगमनं. दुसऱ्याचं पद तोंडात घ्यायचं नाही, ही शपथ. भावाभावांनी कधी वेगळं होऊ नये, एवढाच म्हाताऱ्याचा हेतू.

अभिरामी : तुम्ही तर दोघांना साथ केलीत. तुम्हाला आठवत असतील.

कोदंडरामन : मला ताल विचार. शब्द चालू असताना माझा जीव पुढच्या तिहाईत.

अभिरामी : मग बिनसलं कशावरून?

कोदंडरामन : एका सुरावरून. मन्नारगुडीला लग्नात कथा होती. महालिंगमला पडसं झालेलं, त्याचा मध्यम घसरला, साधा लागला. अण्णा भर मांडवात म्हणाले, "माझा मध्यम चोरलास की काय रे?" मांडव हसला. मीही हसलो, बाई, खोटं कशाला बोलू. महालिंगमनं चिपळ्या खाली ठेवल्या नि उठून गेला. अकरा वर्षं आला नाही. दर पुण्यतिथीला अण्णा छत्तीस पदं गायचे, राम गंगेपार जायचा, की आरती.

अभिरामी : अण्णांनी बोलावलं नाही?

कोदंडरामन : थोरल्यानं कसं वाकायचं? मग एक दिवस निरोप आला, महालिंगमचं अर्धं अंग गेलं, वाचा गेली. पाणीसुद्धा मागता येईना. अण्णा तसेच कावेरी ओलांडून गेले, मी मागोमाग. उशाशी बसले नि आपलं छत्तिसावं पद म्हटलं. आणि ज्याला पाणी म्हणता येत नव्हतं, त्यानं सदतिसावं उचललं. शब्दांसकट.

अभिरामी : देवा रे.

कोदंडरामन : गाण्यापुरती वाचा देवानं ठेवली होती. रोज एक पद, नऊ दिवस. शपथेचा विषय कुणी काढला नाही. अण्णांचा गळा साठ वर्षं साध्या मध्यमाचा, फिरून फिरून तिथेच उतरे. महालिंगम डाव्या हातानं खाटेवर टकटक करी, पुन्हा म्हण. त्याची बायको म्हणाली, नातवंडांनाही एवढं छळलं नाही हो तुम्ही.

अभिरामी : आणि पंचेचाळिसावं?

कोदंडरामन : पादुका डोक्यावर घेऊन भरत परत फिरतो. अण्णा पुन्हा घसरले, टकटकीची वाट बघत थांबले. ती आली नाही. तेव्हा अण्णा म्हणाले, "महालिंगा, त्या दिवशी मी बोलायला नको होतं. सगळ्यांदेखत तर नकोच."

अभिरामी : ते काय म्हणाले?

कोदंडरामन : म्हणणार काय? मग तेच पद त्यानं पहिल्यापासून म्हटलं, सबंध, साध्या मध्यमानं. अण्णांच्या.

अभिरामी : पण त्या मेळात तो सूर बसतच नाही.

कोदंडरामन : नाहीच बसत. सुरासाठी भावाला सोडणारा माणूस तो. जाणूनबुजून चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सेहेचाळिसाव्यासाठी गेलो, तर अंगणात माणसं जमली होती.

अभिरामी : अण्णा उरलेली स्वतः रचू शकले असते.

कोदंडरामन : लोकांनी सुचवलं. अण्णा म्हणाले, ती जागा त्याची आहे. आता शेवटचं पद संपलं की लोक कापूर पेटवायला उठतील. तू लगेच उठू नकोस, अभिरामी. अण्णांच्या उजवीकडे चटई अंथरलेली असते ना, तिच्यावर कुणी बसत नाही. तिकडे बघ, आणि महालिंगमची क्षणभर आठवण काढ.