त्यांना मीच बोलावलं

न्हाय, 'आमच्या दारात आले' हे आधी खोडा. ते आले न्हाईत. मी बोलावलं. मान हलवू नका हवालदार अण्णा, खोडा.

"तायी, नाव-गाव सांग आधी. भांडण त्याच्याखाली लिहितो," असं हेड कॉन्स्टेबल कल्लाप्पा म्हणाल्यामुळं नाव-गाव सांगतो.

नाव रचना मारुतीराव कुंडेकर, वय पंचवीस, धंदा नोकरी, बेळगावात एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स, राहणार येळ्ळूर, तालुका व जिल्हा बेळगाव. आज बुधवार, १३ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी साडेअकराला ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो, की माझा थोरला भाऊ नागेंद्र, वय एकोणतीस, उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर, यानं काल तक्रार दिली हाय. दोन इसम दर सोमवारी घरी येऊन बहिणीला धर्म बदलायला आणि घर सोडायला शिकवतात, अशी. ते दोन इसम सकाळी साडेनऊपासनं पलीकडच्या खोलीत बसल्यात. त्यातला एक परदेशी हाय. तक्रारीत हाय तसंच कागदावर गेलं तर त्याला देश सोडायला लागंल, असं मला फौजदार साहेबांनी सांगितलं.

तक्रार खरी न्हाय. पण खरं काय ते सांगायचं तर जे मी घरात अजून सांगितलं न्हाय, ते हितं सांगायला लागतंय. तरी सांगतो.

परदेशी मुलाचं नाव हॅन्सन, वय वीस, राहणार आयडाहो, अमेरिका. दुसरा प्रसाद, वय एकवीस, राहणार राजमहेंद्री. दोघं ख्रिस्ती लोकांतल्या मॉर्मन पंथाचे. त्यांच्यात ह्या वयाची पोरं दीड-दोन वर्षं घर सोडून चर्चच्या कामाला लांब जातात. दोघांच्या छातीवरच्या पट्टीवर 'एल्डर' हाय, त्यावरनं तुम्ही मला भाऊ-भाऊ काय म्हणून विचारलं. एल्डर म्हणजे त्यांच्यात वडीलधारा. मिशी फुटायच्या आधीच वडीलधारे होतात ते. नातं काय न्हाय.

जून महिन्यात प्रसादला डेंग्यू झाला आणि तो आमच्या वॉर्डात तीन दिवस ॲडमिट होता. हॅन्सन तीन दिवस स्टुलावर बसून होता. मी म्हणालो, घरी जाऊन आंघोळ तरी करून ये. तो म्हणाला, जोडीदाराला सोडून कुठं जायचं न्हाय, असा नेम हाय. कपडे कोण धुतं विचारलं तर म्हणाला, सोमवारी आम्हीच. सोमवार त्यांचा सुट्टीचा. त्या दिवशी कपडे, बाजार, आणि घरी फोन. फोन आठवड्यातनं एकदाच.

मी विचारलं, आईला सोडून एवढ्या लांब राहायला कसं जमलं, ते मला शिकवशील का. तो म्हणाला, आम्ही हिकडं कुणाच्या दाराला आपणहून जात न्हाय. तुझ्या वडलांची हरकत न्हाय ना, ते आधी विचार. मी आप्पांना विचारलं. इंग्रजी बोलायची सवय व्हावी म्हणून, असं सांगितलं. हे खोटं होतं. आप्पा म्हणाले, येऊ देत की.

पहिल्यांदा ते १४ जुलैला, सोमवारी दुपारी तीनला आले. त्यानंतर २१, २८, आणि ४ व ११ ऑगस्ट. एकूण पाच वेळा. दर वेळी दार सताड उघडं आणि आई समोर तांदूळ निवडत बसलेली. एकट्या बाईबरोबर बसायचं न्हाय, हाही त्यांचाच नेम. नागेंद्रदादा त्या वेळी शिफ्टला असल्यामुळं एकदाही हजर नव्हता.

पहिल्या दिवशी आईनं चहा केला. ते चहा पीत न्हाईत. आई आत येऊन मला म्हणाली, "आमच्या हातचं चालत न्हाय व्हय ह्यांना?" त्यांच्या पंथात चहा चालत न्हाय, असं मी समजावलं. मग ताक दिलं, तर हॅन्सननं तीन पेले पिलं. आई त्यावर म्हणाली, "चा पीत न्हाय आणि ताक म्हशीगत पितंय. कुणाचं गं हे पोरगं."

आप्पांनी त्याला मागच्या बटाट्यात नेलं. त्याच्या घरी चारशे एकर बटाटा हाय. आप्पा म्हणाले, "ए गोऱ्या, थापा मारतोस व्हय रं?" त्यानं पांढऱ्या शर्टातच खाली बसून पान उलटं केलं आणि करपा दाखवला. आप्पा दुसऱ्या दिवशी औषध मारून आले. तवापासनं सोमवारी तीन वाजले की आप्पाच रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. हे आप्पा सांगणार न्हाईत, म्हणून मी सांगतो.

धर्माचं बोलणं झालं का, असं विचारता. एकदा झालं, २८ जुलैला. आईनं विचारलं, तुमचा देव कसला. हॅन्सननं सांगितलं, प्रसादनं हिंदीत करून सांगितलं, पाच मिनिटं. मग आईनं आमच्या गावदेवीचं, चांगळेश्वरीचं सांगितलं, पाऊण तास. दोघांनी ऐकून घेतलं. त्याच्यापुढं काय न्हाय.

आता वहीचं. दादानं तक्रारीला जोडलेली निळी वही माझी हाय, अक्षर माझं हाय. तिच्यात 'धडा पहिला', 'धडा दुसरा' असं लिहिलंय, तेही मीच. दादानं ती रविवारी चार्जर हुडकताना बघितली. चौदावं पान त्याला दिसलं, 'घर सोडल्यावर पहिला महिना'. पुढचं त्यानं वाचलं न्हाय. मी वाचतो, लिहून घ्या.

पहिले सहा आठवडे जिभेला काय लागत न्हाय. तिथली एक वस्तू हुडकायची जी आवडती, आणि रोज तीच खायची. हॅन्सननं शेंगदाण्याची चटणी आणि दही हुडकलं.

रस्त्यावर दिवसभर लोक तोंड फिरवतात. ते घरी आणायचं न्हाय. एकानं जरी नाव विचारलं तरी तो दिवस बरा गेला म्हणायचा.

फोनवर पहिल्यांदा त्यांचं विचारायचं, मग जनावरांचं, मग आपलं. आपलं आधी सांगायला गेलं की रडू येतं. तो पहिले चार सोमवार आईशी कॅमेरा बंद करून बोलला, नेट न्हाय म्हणून.

खोलीत बरोबर कोण राहणार ते आपल्या हातात नसतं. भांडण झालं तर झोपायच्या आधी मिटवायचं. हे सांगताना प्रसाद म्हणाला, "हा भांडी घासताना गातो. मी अजून मिटवतोच हाय." आई हसली. तिला काय कळलं कुणास ठाऊक.

पाचव्या धड्याला नाव हाय, 'घरात कसं सांगायचं'. त्याच्याखाली पान मोकळं हाय. ते परवाच्या सोमवारचं. मी विचारलं तर हॅन्सन म्हणाला, हे मला येत न्हाय. आमच्यात जायचंच असतं, लहानपणापासनं सगळ्यांना ठाऊक असतं. जो जात न्हाय त्याला घरात सांगायला लागतं. माझ्या थोरल्या भावानं सांगितलं होतं, जाणार न्हाय म्हणून. ते जेवणाच्या टेबलावर सांगितलं. तसं करू नको, एवढंच म्हणाला.

तर ते असं हाय. मी जर्मनीला जाणार हाय. कासेल म्हणून गाव हाय, तिथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी, तीन वर्षांचा करार. मे महिन्यात मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून पुण्याला गेलतो, ते लग्न नव्हतं, भाषेची परीक्षा होती. पास झालो. व्हिसा आलाय. पासपोर्ट दवाखान्यातल्या माझ्या लॉकरमधी हाय. तिकीट ३० ऑगस्टचं, बेळगाव ते मुंबई, मुंबई ते फ्रँकफर्ट. घरात गणपती असतील त्या दिवशी. तारीख मी निवडली न्हाय.

ह्यात हॅन्सन आणि प्रसाद यांचा काय संबंध न्हाय. परीक्षा त्यांची ओळख व्हायच्या आधीची हाय, निकालाच्या कागदावर तारीख बघा. मला कुणी धर्म बदल म्हणालं न्हाय, घर सोड म्हणालं न्हाय. ते माझं मीच ठरवलं. मी त्यांच्याकडनं राहायचं कसं तेवढं शिकलो.

नागेंद्रदादावर माझा राग न्हाय. त्याला वाटलं, बहीण चालली. ते बरोबरच वाटलं. कुठं आणि कशाला, एवढंच चुकलं. त्याच्यावर खोटी तक्रार म्हणून काय करू नका. त्या दोघांना सोडा, सकाळपासनं त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काय न्हाय, आणि तुमचा चहा ते घेणार न्हाईत.

"हे सगळं लिहू काय, तायी? वडील भायेर बसल्यात. घरात सांगून ये की, उद्या लिहितो," असं कल्लाप्पा म्हणाले. मी म्हणालो, आजच लिहा. तीन महिने उद्याच म्हणत आलोय.

वरचं मी बोललो तसंच उतरलंय. कुणी दम दिला न्हाय, कुणी सांग म्हणून शिकवलं न्हाय. ही माझी सही. आता नेमापरमाणं तुम्ही हे मोठ्यानं वाचून दाखवायचं. मला नको, मला माहीत हाय. दार उघडा. आप्पा आणि दादा बाकड्यावर हाईत, त्यांना वाचून दाखवा. नावापासनं वाचा, आणि चांगळेश्वरीजवळ थांबू नका, शेवटापतोर वाचा. मला दोनची ड्युटी हाय. मागच्या दारानं निघालो.