धारूरच्या पाहुण्यांसमोर खिडकी पांढरी पडल्याबाबत

सिरसाळा, दि. १७ मे २००२

मी वर्षाराणी केदारनाथ शेटे, वय २४ वर्षे, धंदा संगणक वर्ग चालविणे, रा. बाजार गल्ली, सिरसाळा, ता. परळी, जि. बीड. हवालदार रामहरी यांनी समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे.

मी आईवडिलांसह राहते. खाली वडिलांचे, म्हणजे अप्पांचे, किराणा दुकान व त्याला लागूनच माझा वर्ग आहे. आज दुपारी धारूरहून कापड दुकानदार बसवेश्वर व त्यांचे काका चन्नप्पा मला पाहण्यास आले. मुलगा मला आवडला. हे लिहायचे नसेल तरी लिहा.

पत्रिका जुळवून वर्षभराचे मुहूर्त काढणारा प्रोग्रॅम मी स्वतः पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिला आहे. काका म्हणाले, "मग आमच्यासमोरच बघ की. पर गुण कमी पडले तर सोयरीक न्हाई." मी दोघांच्या जन्मवेळा भरून बटण दाबले. संगणक जुना, गणित मोठे. पडद्यावरची प्रोग्रॅमची खिडकी पांढरी पडली व वर इंग्रजीत आले की प्रोग्रॅम उत्तर देत नाही. "दोघांची नावं घातली अन् यंत्राची वाचाच गेली! लई मोठा अपशकुन हाय," असे म्हणून काकांनी सरळ प्लग उपटला. आत काम चालू होते हे मी सांगेपर्यंत अप्पांनी त्यांची गचांडी धरली होती. आरडाओरड ऐकून शेजारचे शहादेव यांनी पोलिसांना बोलावले.

हवालदार साहेबांनी अप्पा व काका दोघांना ओट्यावर बसवून चहा पाजला. मला रडू येत होते, पण राग त्याहून जास्त होता. अपशकुन कसला डोंबलाचा! मी साहेबांना समजावून सांगितले. अप्पा दुकानात एकटे असले आणि पोते काढायला गोदामात गेले, की गिऱ्हाइकाला वाटते दुकानात कोणीच नाही. माझी खिडकी तशीच स्वतः गणितात गेली होती. म्हणून मी तिथेच बसून प्रोग्रॅममध्ये गणितासाठी वेगळा थ्रेड केला, म्हणजे गोदामात दुसरा गडी ठेवला. गड्याने गल्ल्यावर येऊन बोलायचे नाही. झालेले काम रांगेत ठेवायचे, आणि खिडकीने मधूनमधून रांग बघून ते पडद्यावर दाखवायचे. मध्येच काम सोडता यावे म्हणून 'थांबा' असे बटणही दिले. साहेबांनी मान डोलावली. त्यांना किती कळले ते मी विचारले नाही.

नंतर सर्वांसमक्ष प्रोग्रॅम पुन्हा चालविला. खिडकी पांढरी पडली नाही. काम किती झाले ते दाखवणारी खालची पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली व कोणत्या महिन्याचे गणित चालू आहे तेही दिसू लागले. काका खुर्ची ओढून पुढे बसले. "बोलायलंय बे आता!" असे ते पुतण्याला म्हणाले. यंत्र बरे झाले, पण गुणांचे काय?

पट्टी अर्ध्यावर असताना बसवेश्वर, जे आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी हात पुढे करून 'थांबा' दाबले. गणित थांबले.

काका ओरडले, "कावून दाबलंस?"

ते म्हणाले, "मला पोरगी पसंत हाय, काका. मी तिला पसंत हाय का, एवढंच कुणी विचारलं न्हाई."

त्यावर मी "हाय" म्हणाले. आईने आतून साखर आणली. काकांनी ती थोडा वेळ मुठीत धरली व मग खाल्ली.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. साहेबांनी हे सर्व मला वाचून दाखविले, ते मी सांगितले तसेच आहे. "हाय" हा शब्द मी शुद्धीत, राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय बोलले आहे.